नाव द्यावे की झाकावे: खानदेशातील एका दुर्मीळ आजाराच्या संशोधनातील लोकसहभागाचे प्रकरण

जळगाव जिल्ह्यातील एका फिजिओथेरपिस्ट विद्यार्थिनीने ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे डीएमडी, या आजाराच्या मुलांवर पीएच.डी.चे काम हाती घेतले. आराखडा पक्का होण्यापूर्वीच तिने पाच जणांचा एक सल्लागार गट बसवला. त्यात तीन आया होत्या, रिक्षा चालवणारे एक वडील होते आणि स्वतः हा आजार असलेला, व्हीलचेअरवरून वावरणारा २१ वर्षांचा एक तरुण होता. तिच्या संशोधन सल्लागार समितीवर मी सदस्य होतो, त्यामुळे हा प्रवास मला जवळून पाहता आला. या प्रकरणात एकच प्रश्न तपासला आहे: या पाच जणांनी केलेल्या कामाची दखल कोणत्या रूपात घेतली गेली, कोणत्या रूपात घेता आली नाही, आणि का. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तालुक्यांची नावे मुद्दाम गाळली आहेत, कारण इतक्या दुर्मीळ आजारात तालुका सांगितला की घर सांगितल्यासारखेच होते.

आजाराविषयी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. साधारण ३,५०० ते ५,००० मुलग्यांमागे एकाला डीएमडी होतो. डिस्ट्रोफिन हे स्नायूंना टिकवून धरणारे प्रथिन तयार करणारे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि त्यात दोष आला की स्नायू हळूहळू झिजत जातात. मूल तीन-चार वर्षांचे असताना वारंवार पडू लागते, जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत उठते, आणि उपचार नसतील तर बहुधा बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत त्याचे चालणे थांबते. स्टिरॉइडने ही वेळ काही काळ पुढे ढकलता येते. रक्ततपासणीत एसजीओटी व एसजीपीटी वाढलेले दिसतात, कारण ही विकरे यकृताप्रमाणे स्नायूंतूनही रक्तात उतरतात. पण सीके (स्नायूंतील क्रिएटिन कायनेज हे विकर रक्तात मोजणारी) ही साधी तपासणी कोणी सांगितली नाही, तर मुलावर महिनोन्‌महिने काविळीचे उपचार होत राहतात. या गटातल्या दोन घरांत हेच घडले होते. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात डीएमडी तिसऱ्या गटात, म्हणजे अतिमहाग व दीर्घकालीन उपचारांच्या गटात आहे. मे २०२२ पासून तिन्ही गटांसाठी नियुक्त उत्कृष्टता केंद्रांत ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. मुंबईचे केईएम रुग्णालय हे असे एक केंद्र आहे. खानदेशातल्या कुटुंबासाठी याचा अर्थ असा की निदानाचा कागद हाती येईपर्यंत त्या घराने रेल्वेचे बरेच प्रवास केलेले असतात आणि आजाराचे बरेच ज्ञान स्वतःच गोळा केलेले असते.

प्रश्न कसा बदलला

विद्यार्थिनीचा मूळ विषय असा होता: आईने घरी रोज करून घेतलेल्या ताणाच्या व्यायामाने मुलाची चालण्याची क्षमता किती टिकते? मोजमापासाठी तिने सहा मिनिटांत मूल किती मीटर चालते ही सर्वमान्य चाचणी निवडली होती. विषय शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष होता आणि आमच्या समितीने त्याला मान्यताही दिली असती.

पहिल्या बैठकीत तिने हा आराखडा मराठीत वाचून दाखवला. ज्यांना गटात सगळे आक्का म्हणत, त्या आईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि मग विचारले की चालणे थांबलेली मुले या अभ्यासात कुठे आहेत. चालतो तोवर आम्ही कसेही निभावतो, असे त्यांचे म्हणणे होते. खरी कोंडी चालणे थांबते त्या वर्षी होते, कारण त्याच वर्षी शाळाही सुटते. त्यांचा मुलगा सातवीत असताना सकाळपासून पाणीच पीत नसे. शाळेत लघवीला उचलून न्यायला कोणी नसल्याने दिवसभर तहान मारणे हा त्याने स्वतःच शोधलेला उपाय होता. तिसऱ्या महिन्यात त्याला मूत्रमार्गाचा संसर्ग झाला, हजेरी तुटली आणि पुढच्या जूनमध्ये त्याचे नाव पटावर राहिले नाही.

यावर गटातल्या तरुण सदस्याने पुस्ती जोडली. चालण्याची चाचणी म्हणजे दर सहा महिन्यांनी आपण किती हरलो याची नोंद, असे त्याला लहानपणी वाटत असे. हातांत काय उरले आहे हे कोणी मोजले असते तर आपण संगणकाकडे लवकर वळलो असतो, असे तो म्हणाला. हात व खांद्यांच्या हालचाली मोजणारी पीयूएल नावाची प्रमाणित पद्धत उपलब्ध आहे आणि चालू न शकणाऱ्या मुलांसाठीही ती वापरता येते. ती विद्यार्थिनीला माहीत होती. तिच्या आराखड्यात मात्र ती आली नव्हती, कारण आराखडा चालण्याभोवती बांधलेला होता.

अभ्यासाचा प्रश्न बदलला. चालणे थांबण्याच्या आगेमागे मुलाची शाळा कशामुळे सुटते आणि कशामुळे टिकते, हा नवा विषय ठरला. प्रश्नावलीत पाणी, लघवी, वर्गाचा मजला, दप्तर कोण उचलते आणि रात्री कूस कोण बदलून देते, हे प्रश्न आले. पीयूएल आले, शाळेच्या हजेरीपटावरची नोंद आली. रिक्षावाल्या नानांनी भेटींच्या वेळा बदलायला लावल्या: कापूस वेचणीच्या हंगामात दिवसा कोणत्याही घरी आई सापडणार नाही, आणि कानबाईच्या सणाच्या रविवारी तर कोणाच्याही दारात जाऊ नये.

या बदलाला मी एका संशोधकाने पुरवलेल्या मूळ कल्पनेइतकेच मोल देतो. एखाद्या प्राध्यापकाने चहाच्या वेळी अशी सूचना केली असती, तर शोधप्रबंधाच्या पहिल्या पानावर त्याचे नाव आले असते आणि निबंधात कदाचित सहलेखक म्हणूनही आले असते. आजार भोगणाऱ्या घरांनी असे बौद्धिक काम करणे ही नवी गोष्टही नव्हे. अमेरिकेत डीएमडीच्या पालकांच्या संघटनेने २०१४ मध्ये औषधनिर्मितीसाठीच्या मार्गदर्शक सूचनांचा मसुदा स्वतः तयार करून तिथल्या औषध नियामकाकडे दिला होता, आणि नियामकाने त्यानंतर आपला मसुदा काढला. वैद्यकीय संशोधनाच्या नैतिकतेविषयीच्या, ऑक्टोबर २०२४ मध्ये सुधारलेल्या हेलसिंकी जाहीरनाम्यातही संशोधनाच्या आधी, दरम्यान आणि नंतर समाजाशी अर्थपूर्ण संवाद असावा असे स्पष्ट म्हटले आहे. जाहीरनाम्यातले वाक्य आणि आपल्याकडच्या महाविद्यालयातली देयकाची फाइल यांच्यामध्ये मात्र बरेच अंतर आहे, आणि या प्रकरणाचा बहुतेक भाग त्याच अंतरात घडला.

सल्लागार की सहभागी

संस्थेच्या नैतिकता समितीने योग्य शंका काढली. आक्का सल्लागार आहेत आणि त्यांच्याच घरची माहितीही अभ्यासात घेतली जाणार आहे. मग त्या संशोधन करणाऱ्यांच्या बाजूला बसतात की ज्यांच्यावर संशोधन होते त्यांच्या? विद्यार्थिनीने दोन भूमिकांसाठी दोन स्वतंत्र कागद केले. माहिती देणाऱ्या घरासाठी नेहमीचे संमतिपत्र राहिले. त्यात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी आणि त्यावरील मुलाची लेखी मान्यता होती. सल्लागारांसाठी वेगळे कामाचे पत्र केले: काम कोणते, वेळ किती, मोबदला कोणता, नावाचे काय करायचे, आणि मधूनच बाहेर पडायचे असेल तर काय. सल्ल्याचे काम सोडले तरी मुलाच्या तपासणीवर व व्यायामाच्या मार्गदर्शनावर परिणाम होणार नाही, हे वाक्य तिने ठळक अक्षरांत घातले आणि अहिराणीत समजावूनही सांगितले. दुर्मीळ आजारात तीच चार माणसे दोन्ही बाजूंना असणे अटळ असते, म्हणून हा वेगळेपणा कागदावर असणे अधिकच गरजेचे ठरते.

मोबदला

मोबदल्याचा निकष साधा ठेवला होता. बैठकीच्या दिवशी बुडालेल्या मजुरीपेक्षा रक्कम कमी नसावी, आणि मुलाला सांभाळायला मागे थांबलेल्या माणसाचाही त्यात विचार असावा. प्रवासखर्च त्याहून वेगळा होता. नैतिकता समितीची हरकत नव्हती. माहिती देणाऱ्याला पैशाचे आमिष असू नये हा नियम सल्ला देणाऱ्याच्या मानधनाला लागू होत नाही, हे समितीने मान्य केले होते.

हरकत लेखा विभागाची होती, आणि तिथे देयकाची फाइल बराच काळ अडकली. तज्ज्ञांचे मानधन या शीर्षाखाली पैसे द्यायचे तर शैक्षणिक पात्रतेची प्रत जोडावी लागे. आक्कांचे शिक्षण चौथीपर्यंत झालेले होते. विद्यार्थिनीच्या मार्गदर्शकांनी टिपण लिहिले की या अभ्यासासाठी नऊ वर्षे केलेली शुश्रूषा हीच पात्रता आहे. टिपण वर गेले, खाली आले, आणि शेवटी रक्कम मंजूर झाली ती क्षेत्रकार्य खर्च या शीर्षाखाली, म्हणजे छायाप्रती आणि गाडीभाडे ज्या रकान्यात जाते त्याच रकान्यात. पैसे मिळाले, पण त्या संस्थेच्या हिशेबवहीत या पाच जणांनी सल्ला दिल्याची कोणतीही नोंद झाली नाही. उद्या कोणी या महाविद्यालयात रुग्ण-सल्लागारांवर किती खर्च झाला असे विचारले, तर उत्तर शून्य येईल. ही बाब मला रकमेपेक्षा गंभीर वाटते, कारण पुढच्या विद्यार्थ्याला अंदाजपत्रक करताना आधाराला मागचा दाखला सापडणार नाही.

उशीर हाही प्रश्न होता. तीन महिन्यांनी बँक खात्यात जमा होणारी रक्कम रोजंदारीवर जगणाऱ्या घराला त्या दिवसाची भरपाई ठरत नाही. मधल्या काळात विद्यार्थिनीने स्वतःच्या शिष्यवृत्तीतून पैसे दिले. असे करू नये, असे मी तिला बजावले होते, आणि ते मत अजूनही कायम आहे. नवशिक्या संशोधकाच्या खिशावर उभी राहिलेली पद्धत तिच्याबरोबरच संपते.

नाव

नावाचा प्रश्न या प्रकरणाचा गाभा आहे. लोकसहभागाची दखल म्हटले की सर्वांच्या मनात प्रथम ऋणनिर्देश येतो आणि उदार संशोधक असेल तर सहलेखकत्व येते. दोन्हींत नाव छापणे म्हणजे सन्मान, असे गृहीत धरलेले आहे. डीएमडीत हे गृहीतक टिकत नाही.

दोष एक्स गुणसूत्रावर असल्याने मुलाला तो बहुधा आईकडून येतो. सुमारे एक तृतीयांश मुलांत तो नव्यानेच उद्भवलेला असतो आणि आईचा त्यात काही वाटा नसतो. पण गावात हा फरक कोणी करत नाही. आई वाहक असेल, म्हणजे तो दोष तिच्यात असेल, तर तिच्या बहिणी आणि मुलीही वाहक असण्याची शक्यता असते. शोधप्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर चढतो, तो कोणालाही वाचता येतो आणि तिथून सहसा उतरत नाही. स्थळ पाहताना मोबाइलवर नाव टाकून बघण्याची रीत आता खेड्यातही आहे.

आक्कांनी हे विद्यार्थिनीच्या आधी ओळखले होते. माझे नाव एकटे येत नाही, त्याच्यासोबत माझ्या बहिणींच्या मुली येतात, असे त्यांनी सांगितले. याच संदर्भात त्यांनी आणखी एक गोष्ट थांबवली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, तेव्हा सगळ्या बहिणी एका छताखाली असतात आणि घराण्याचा वंशवृक्ष एका बैठकीत काढता येईल, असा विद्यार्थिनीचा विचार होता. पद्धत म्हणून तो चुकीचा नव्हता. पण आखाजीला पोरी झोके घ्यायला आणि विसावा घ्यायला येतात, त्या दिवशी त्यांना वाहकपणाचा हिशेब मांडायला लावू नये, असे आक्कांनी ठामपणे सांगितले. ज्या बहिणीला सांगायचे तिला तिच्या सोयीने, एकटीला आणि आधी समुपदेशन करून सांगावे. अभ्यासाचा हा भाग त्याप्रमाणेच झाला. नैतिकतेचा इतका नेमका निर्णय आमच्या कोणत्याही समितीला सुचला नव्हता.

आता सहलेखकत्वाकडे वळू. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखकत्वासाठी चार अटी घातल्या आहेत: संकल्पना, आखणी, माहितीसंकलन किंवा विश्लेषण यांत भरीव वाटा, मसुदा लिहिणे किंवा त्यावर मूलभूत सुधारणा करणे, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि कामाची जबाबदारी. पहिली अट पूर्ण करणाऱ्याला दुसरी आणि तिसरी पूर्ण करण्याची संधी दिली पाहिजे, असेही त्याच नियमावलीत आहे, आणि हे कलम फार थोडे मार्गदर्शक वाचतात. विद्यार्थिनीने ते वाचले होते. इंग्रजी मसुदा तिने गटासमोर परिच्छेदागणिक मराठीत सांगितला, हरकती लिहून घेतल्या आणि बदल परत वाचून दाखवले. तरुण सदस्याने मुलाखतींच्या उताऱ्यांचे विषयवार वर्गीकरण तिच्यासोबत केले होते, त्यामुळे त्याने चारही अटी निर्विवाद पूर्ण केल्या. नाव देण्यापूर्वी त्याने आपल्या अविवाहित बहिणीला विचारले आणि तिने होकार दिल्यावरच सही केली. नियतकालिकाच्या अर्जात संस्थेचे नाव सक्तीचे होते. संपादकांशी पत्रव्यवहार करून तिथे रुग्ण-संशोधक असे लिहिण्याची परवानगी मिळाली. योगदानाच्या प्रचलित वर्गीकरणात १४ भूमिका आहेत, पण आजार जगण्याच्या अनुभवातून केलेल्या कामासाठी त्यांत एकही नाही. त्याच्यापुढे संकल्पना आणि विश्लेषण या भूमिका नोंदवल्या गेल्या.

आक्कांनाही तीच संधी दिली होती. त्यांनी मसुदा ऐकला, दोन ठिकाणी दुरुस्त्या सांगितल्या आणि नाव नको म्हणून सांगितले. अशा रीतीने अभ्यासाला वळण देणारी व्यक्ती निबंधात नावाने कुठेच नाही.

यावर काढलेला तोडगा मला या प्रकरणातला सर्वांत उपयोगी भाग वाटतो. शोधप्रबंधाच्या पद्धती-प्रकरणात, ऋणनिर्देशात नव्हे, स्पष्ट लिहिले गेले की संशोधनाचा मूळ प्रश्न सल्लागार गटातील एका आईच्या आक्षेपामुळे बदलला. तो आक्षेप काय होता आणि त्यातून कोणते मोजमाप आले व कोणते गेले, हेही लिहिले. लोकसहभागाचे वृत्तान्त देण्यासाठी २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रिप-२ या सूचीच्या पाच कलमी लघुरूपाचा त्यासाठी आधार घेतला. आक्कांना विभागाने सहीशिक्क्याचे पत्र दिले आणि त्यात त्यांचे योगदान नावानिशी नोंदवले. पत्र त्यांच्या ताब्यात आहे. ते कोणाला दाखवायचे की नाही हे त्या ठरवतील. नावाबाबतचा पर्याय प्रत्येकाला सुरुवातीला आणि प्रबंध सादर करण्यापूर्वी असा दोनदा विचारला गेला. एका आईने मधल्या काळात मुलीचे लग्न ठरल्यामुळे आपला होकार मागे घेतला. एकदाच विचारले असते तर ते नाव आज सर्वांसमोर असते.

आक्कांची स्वतःची मागणी वेगळी होती. निष्कर्षांचा एक पानी मराठी सारांश महाविद्यालयाच्या लेटरहेडवर मिळावा, जो कोणताही पालक मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवू शकेल, असे त्यांनी सांगितले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा समावेश आहे आणि शाळेने इमारत व सोयी सुगम करून देण्याचे बंधनही त्यात आहे. सारांशाच्या तळाशी तेवढे दोन ओळींत लिहिले. वर्ग तळमजल्यावर आणणे आणि दुपारी एकदा मुलाला स्वच्छतागृहात नेण्याची जबाबदारी ठरवून देणे, एवढ्याच दोन मागण्या त्यात आहेत. काही सदस्यांना हे संशोधनाबाहेरचे वाटले. मला तसे वाटत नाही. ज्यांच्या प्रश्नातून अभ्यास उभा राहिला, त्यांना उत्तर वापरता येईल अशा रूपात परत देणे हा दखल घेण्याचाच भाग आहे.

विद्यार्थिनीच्या वाट्याला काय आले

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ची मुदत किमान ३ आणि कमाल ६ वर्षांची आहे, आणि दर सत्राला प्रगती अहवाल द्यावा लागतो. अहवालाच्या नमुन्यात वाचन, माहितीसंकलन, विश्लेषण, निबंध असे रकाने होते. प्रश्न बदलला, नैतिकता समितीची नव्याने मंजुरी घ्यावी लागली, त्यात जवळजवळ एक सत्र गेले. आणि त्या सत्राच्या अहवालात तिच्याजवळ भरण्यासारखे काहीच नव्हते. समितीतल्या एका सहकाऱ्याने विचारले की नमुने किती झाले. तोपर्यंत एकही झाला नव्हता. प्रत्यक्षात ते तिच्या सर्वांत मोलाच्या कामाचे सत्र होते.

अनुभवी प्राध्यापकाला असा उशीर पेलतो. मुदत, शिष्यवृत्ती आणि पुढची नोकरी या तिन्हींची टांगती तलवार डोक्यावर असलेल्या व्यक्तीला तो पेलत नाही, म्हणून बहुतेक नवे संशोधक आराखडा ठरल्यावर पालकांना बोलावतात आणि त्यालाच सहभाग म्हणतात. त्यात त्यांचा दोष मी मानत नाही. विभागाने अहवालात रुग्णसहभागाचे काम व त्यातून झालेले बदल असा रकाना जोडला, तेव्हा नंतर आलेल्या एका विद्यार्थ्याने आपणहून पहिल्याच सत्रात गट बसवला. विद्यापीठाच्या नमुन्यात तो रकाना अद्याप नाही. नोकरीच्या मुलाखतीत निवड समितीने तिला निबंधांची संख्या विचारली, गटाविषयी काही विचारले नाही.

शोधप्रबंध सादर झाला आहे आणि ती आता दुसऱ्या जिल्ह्यात शिकवते. गट तिचा होता की विभागाचा, हा प्रश्न ती गेल्यावरच पुढे आला. तो विभागाचा आहे असे आम्ही ठरवले असून, यापुढे प्रत्येक नव्या आराखड्यात मोबदला, नाव आणि निष्कर्ष परत देण्याची रीत पहिल्या बैठकीपूर्वी लिहून द्यावी लागते. देयके अजूनही क्षेत्रकार्य खर्चातच जातात; स्वतंत्र शीर्षासाठीचा प्रस्ताव लेखा विभागाकडे आहे. तरुण सदस्य आणि आक्का यांनी पुढच्या विद्यार्थ्यासोबत बसायला होकार दिला आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत बैठक होणार नाही आणि मोबदला त्याच दिवशी हातात मिळेल, या दोन अटी आक्कांनी या वेळी विभागप्रमुखांकडून आधीच लेखी घेतल्या.